खाडीच्या पाण्याचा कॅन

मामा,

तुमचं तेरावं उरकून आम्ही काल दुपारी नाशिकला परत आलो. कुलूप काढून आत शिरलो, तर काचेच्या टाकीतले दोन्ही निवटे मासे चिखलाच्या उतारावर येऊन बसलेले. डोळे डोक्यावर, आणि दोघांची नजर थेट माझ्याकडे. शेजारच्या वहिनींनी रोज जवळा टाकला होता, त्यामुळे पोटं भरलेली होती. तरी असे बघत होते, जणू मी काहीतरी लपवून आलोय. तुम्हीसुद्धा माझ्याकडे असंच बघायचात. हिरा पिशव्या घेऊन आत गेली आणि मी चपला न काढताच टाकीसमोर उकिडवा बसलो. मग मला रडू आलं. सासऱ्यासाठी जावई एवढा रडतो म्हटल्यावर कॉलनीत कुणालाही शंका येईल, म्हणून दार आधी लावून घेतलं.

तुम्हाला ठाऊकच आहे, माझी नोकरीच संशयाची. पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमध्ये इतकी वर्षं मी परदेशी जाणारी द्राक्षं तपासतोय. क्रेट समोर आली की मी वरचा थर बघत नाही. वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो. हात खाली घालतो आणि तळाचा घड वर काढतो. शेतकरी मनातल्या मनात शिव्या देतात, पण मला त्याचं काही वाटत नाही. माणसंही मी अशीच तपासतो. तुमचा तळ मात्र माझ्या हाताला कधी लागला नाही.

तुम्ही माझ्या घरी नक्की कशासाठी येत होतात, एवढंच मला हवं होतं. आडून विचारलं, तोंडावर विचारलं, एकदा तर भांडून विचारलं. तुम्ही दर वेळी टाकीकडे बोट दाखवलंत.

माझं आणि हिराचं लग्न झाल्यावर तुम्ही उरणच्या खाडीकाठच्या तुमच्या गावातून नाशिकला एकदाही फिरकला नव्हतात. त्यात वावगं काही नव्हतं. लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही तुमच्याकडची रीत. बऱ्याच ठिकाणी नातवंड झालं की ती सुटते, तुमच्या घरी ती तेव्हाही सुटत नव्हती. आणि ज्या घरचं पाणी प्यायचं नाही तिथे जाऊन बसायचं तरी कसं? म्हणून बाप लेकीच्या दारी जातच नाही. पुढे हिराची थोरली बहीण नीरा तिच्या सासरी काविळीनं गेली. तिचं वर्ष सरायच्या आत, आमची पल्लवी रांगत होती तेव्हा, तुम्ही एका दुपारी न कळवता दारात उभे राहिलात. एका हातात पाण्यानं भरलेला पांढरा कॅन, दुसऱ्या हातात तोंडाला फडकं बांधलेला डबा. फडकं सोडलंत तर आत ओला चिखल आणि चिखलातून वर आलेले डोळेच डोळे.

“जावय, हे खायाचे नायत,” तुम्ही म्हणालात. “पालायचे.”

मी हिराकडे पाहिलं. निवट्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी याच्याबद्दल ती इतक्या वेळा बोलली होती की तो मासा कधी न बघताही मला त्याची चव पाठ झाली होती. जो मासा तुमच्या गावात पोरंसोरं बिळातून हातानं काढून चुलीवर चढवतात, तो तुम्ही पहाटेच्या एसटीत मांडीवर घेऊन, घाट चढून, मला पाळायला आणून दिलात. पॅकहाऊसमध्ये सांगितलं तर सगळे हसले. सासरा जावयाला अंगठी देतो, घड्याळ देतो, तुझ्या सासऱ्यानं चिखल दिला, म्हणाले. मी हसलो नाही. मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मी रीतसर काचेची टाकी आणली. दुकानदार सोनेरी मासे विकणारा. त्यानं सांगितलं तसं, तुम्ही आणलेलं पाणी खाली आणि साठवणीचं साधं पाणी वर, अशी टाकी गळ्यापर्यंत भरली आणि निवटे आत सोडले. सकाळी सगळे तळाशी पडलेले. पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा कॅन आणि डबा घेऊन आलात, तेव्हा मला सांगायची लाज वाटत होती. तुम्ही रिकाम्या टाकीकडे आणि पाण्याच्या रेघेकडे बघितलंत आणि कपाळावर हात मारलात.

“माशाला बुडवलास तू, जावय!”

“मासा बुडतो का कधी?”

“निवटा हाय तो. त्याला दम घ्यायाला वर यावा लागतो. जमीन लागते. पानी कमी, चिखल जास्ती.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू इचारला नायस.”

हे तुमचं उत्तर मी अजून विसरलेलो नाही. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, तुम्ही मुद्दाम सांगितलं नव्हतंत. न कळणाऱ्या गोष्टीबद्दल हा माणूस विचारतो की नाही, हे तुम्हाला बघायचं होतं.

मग तुम्ही स्वतः टाकी मांडलीत. एका बाजूला चिखलाचा उतार, त्यात टेकायला एक दगड आणि लाकडाचा ओंडका, दुसऱ्या बाजूला टाचभर पाणी. निवटे काचेला चिकटून वर चढतात आणि उड्या मारतात, म्हणून वरून मच्छरदाणीची जाळी. मी टाकी खिडकीखाली ठेवणार होतो. तुम्ही म्हणालात, “तिकरं नाय, इकरं ठेव.” इकडे म्हणजे बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, जिथे धड उजेड येत नव्हता. मी वाद घातला. उन्हाचा त्रास होईल, वारा लागेल, अशी काहीबाही कारणं तुम्ही दिलीत. नंतर एकदा मी त्या जागेवर बसून पाहिलं. तिथून आमचं स्वयंपाकघर आरपार दिसतं.

त्यानंतर तुम्ही दर महिन्याला यायला लागलात. दुपारच्या सुमाराला पोचायचात, पायरीवर बसून फडक्यातली तुमची भाकरी खायचात, तुमच्याच बाटलीतलं पाणी प्यायचात आणि आत येऊन टाकीसमोर मांडी घालायचात. मग हिराला हाक. “हिरे, बांगड्या वर सार, हात घाल टाकीत.” जुनं पाणी काढायचं, चिखल हलवायचा, काच पुसायची, हे सगळं तिनंच करायचं. मी पुढे झालो की तुम्ही म्हणायचात, “तुला नाय जमायचा.” मला फार लागायचं ते. पिंपळगावात शंभर शेतकरी माझ्या शब्दावर थांबतात आणि माझ्याच घरात माझ्या टाकीला मला हात लावू देत नाहीत! हिरा कोपरापर्यंत बांगड्या सारून चिखलात हात घालायची आणि तुम्ही एकटक बघत बसायचात. मला वाटायचं, टाकीकडे बघताय.

सगळ्यात मोठं भांडण पाण्यावरून. दर महिन्याला खाडीचं पाणी कशाला लागतं? साध्या पाण्यात खडे मीठ घातलं तर? पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, आणि तुमचं उत्तर तयार होतं.

“मीठ चालत नाय. खाडीचाच पानी पायजे.”

“अहो मामा, पाणी आटलं की काचेवर मीठच तर दिसतं.”

“दिसंल. पन तो दर्याचा मीठ.”

“आणि खडे मीठ काय झाडाला लागतं? तुमच्याच उरणच्या मिठागरांतून येतं ते!”

“मिठागराचा येगला,” तुम्ही म्हणालात आणि विषय संपवलात.

मिठागरांच्या शेजारी जन्म काढलेला माणूस हे बोलतोय म्हटल्यावर माझी खात्रीच पटली. तुम्हाला यायचं होतं आणि त्यासाठी तुम्हाला तो कॅन लागत होता. पण का यायचं होतं? मी दारू पितो का, हे बघायला? माझ्या आईचं आणि हिराचं पटतं का, ते ऐकायला? की पगार कुठे जातो, ते शोधायला? हिराला विचारलं तर ती म्हणायची, “तुम्हाला ना, साखरेतही खडा दिसतो.” तिलाही खरं कारण माहीत नव्हतं. की माहीत होतं आणि तीही तुम्हाला सामील होती, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

एक मान्य करतो. निवट्यांवर माझा जीव जडला. दोन नर चिखलाच्या एकाच तुकड्यासाठी पाठीवरचा पंख उभारून, तोंडं वासून एकमेकांसमोर उभे राहिले की मला आपण दोघं आठवायचो. नाशिकच्या थंडीत त्यांच्यासाठी मी टाकीवर बल्ब टांगला, उन्हाळ्यात ओलं गोणपाट घातलं, परसातली गांडुळं खणून काढली. पुढे पुढे ते माझ्या बोटातून खायला लागले. आणि तुमच्या कॅनचीही मी वाट बघायला लागलो. एकदा कसाऱ्याला कंडक्टरनं तुम्हाला रॉकेल नेताय म्हणून हटकलं, झाकण काढून वास घेतला, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, “म्हातारबा, समुद्र कशाला नेताय नाशिकला? तिथे गंगा आहे की.” हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आपण दोघं पहिल्यांदा एकत्र हसलो होतो. हसता हसता तुमची नजर पुन्हा स्वयंपाकघराकडे गेली, तेही मी पाहिलं.

मग हिराला कावीळ झाली. पल्लवी प्राथमिक शाळेत होती, माझी आई तेव्हा भावाकडे गेलेली. हिराचे डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी मी तिला डॉक्टरकडे नेलं आणि तिथूनच तुमच्या गावातल्या किराणा दुकानात फोन लावून निरोप ठेवला. हिरा म्हणाली, “कशाला कळवलंत? उगीच घाबरतील.” मला नीराचं आठवलं होतं. बापाला कळलं पाहिजे, एवढंच मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात ते रिकाम्या हातानं. कॅन नाही, भाकरीचं फडकं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. मी रजा घेऊन स्वयंपाकघरात आमटी ढवळत होतो. तुम्ही हिराचे डोळे पाहिलेत, नखं पाहिलीत, औषधं हातात घेऊन उलटसुलट केलीत आणि मला म्हणालात, “जावय, जरा भायेर हो.” माझ्याच घरात मला बाहेर काढलंत. मी दाराआड उभा राहून कान दिला. तुमचं “खरा सांग” एवढंच ऐकू आलं, आणि मग हिराचं हसणं.

तुम्ही स्वयंपाकघरात आलात आणि भिंतीला टेकून खाली बसलात.

“पानी दे.”

“कॅनमधलं उरलेलं पाणी मी परवाच टाकीत घातलंय, मामा.”

“मना दे. पियाला.”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तांब्या-भांडं दिलं, तुम्ही सगळं पाणी एका दमात प्यायलात. मग म्हणालात, “काय शिजवलास? वाढ.” मी भात वाढला, आमटी वाढली. तुम्ही मुकाट्यानं जेवलात, ताट चाटूनपुसून साफ केलंत. नंतर मी जेवायला बसलो आणि पहिल्याच घासाला कळलं, आमटीत मीठ भलतंच पडलं होतं.

संध्याकाळी स्टँडवर तुम्हाला सोडायला आलो. एसटीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता तुम्ही वळलात.

“आता टाकीत मीठच घाल. खडा मीठ, गुरांना देतात तो. साधा पानी एक दिवस भरून ठेव आन त्यात घाल.”

“किती?”

“तुझ्या आमटीएवढा.”

मी तिथेच पेटलो. “म्हणजे मीठ चालत होतं! इतकी वर्षं मला वेड्यात काढलंत?”

“तवा चालत नव्हता,” तुम्ही म्हणालात आणि आत जाऊन बसलात. एसटी सुटली. खिडकीतून तुम्ही हात केलात, मी केला नाही.

त्यानंतर तुमचं येणं कमी झालं. निवटा मेला तर नवा घेऊन, नाहीतर दिवाळीच्या आसपास. आलात की जेवायचात, एखादी रात्र राहायचात, पल्लवीचा अभ्यास बघायचात. टाकीकडे ढुंकूनही बघायचा नाहीत. मला वाटायला लागलं, आमचं काही चुकलं का? आमटीचा राग आला का? मी पुन्हा पुन्हा विचारलं आणि तुम्ही पुन्हा पुन्हा तेच सांगितलंत, “तवा चालत नव्हता.” गेल्या दिवाळीतही आपला हाच वाद झाला. मी म्हणालो, पुढच्या वेळी उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नाही. तुम्ही म्हणालात, “ये मंग गावाला.” मी गावाला आलो मामा, पण तुम्हाला खांदा द्यायला.

उत्तर मामींनी दिलं. तेराव्याची माणसं पांगल्यावर त्या ओटीवर बसल्या होत्या, मी निघायचं म्हणून पाया पडलो. त्यांनी विचारलं, निवटे आहेत ना अजून? आहेत म्हटल्यावर त्या बोलायला लागल्या.

“नीराच्या गावाला यांचा काम निघाला होता. होडीचा लाकूड बघायाचा होता. तिच्या दारापरत गेले. अंगनातूनच इचारला, नीरा बरी हाय ना? सासू बोलली, बरी हाय, शेतावर गेलीय. हे तसेच फिरले. आत गेला तर पानी देतील, नाय कसा बोलायचा, म्हनून. ती आतच पडलेली होती. पिवली झालेली. तिना आवाज वलखला होता बापाचा, हाक मारायाला तिच्यात जोर नव्हता. तिच्या शेजारनीनं मागून सांगितला आमाला.”

मामींनी पदरानं डोळे पुसले. “मंग हे बोलले, हिराच्या घरी मी जानार. पानी नाय पिनार, पन आत जाऊन बसनार. कायतरी निमित्त पायजे.”

मामा, परतीच्या एसटीत मी हिराच्या हातातल्या बांगड्यांकडेच बघत होतो. बांगड्या वर सार, हे मला आठवत होतं. तुम्ही टाकीकडे बघतच नव्हतात. तिच्या हातांवर काही वळ आहे का, ते बघत होतात. स्वयंपाकघर दिसणारा कोपरा, मला बाहेर काढून विचारलेलं “खरा सांग”, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. म्हणजे माझा संशय खरा होता. तुम्ही माझ्यावर पाळत ठेवत होतात, तीही वर्षानुवर्षं. खोटं कशाला बोलू, आधी मला राग आला. मी हात उगारणारा माणूस आहे असं तुम्हाला वाटलंच कसं? मग वाटलं, नीराच्या सासूचाही वरचा थर चांगलाच होता की. तुम्ही तळात हात घातलात, यात तुमचं काय चुकलं? मीही तेच करतो, आणि तेही फक्त द्राक्षांसाठी.

एकाच गोष्टीवर माझं अजून भांडण आहे. पाणी प्यायलात त्या दिवशी मला सरळ सांगायचं होतं, की जावय, तू पास झालास. मी तिथेच तुमच्या पायावर डोकं ठेवलं असतं. तुम्ही ते सोडून मिठाचं माप सांगितलंत आणि मी बारा-तेरा वर्षं तुमच्यावर रुसून राहिलो. एवढं प्रेम माझ्यावर माझ्या वडिलांनीही कधी दाखवलं नव्हतं, आणि ते प्रेम आहे हेच मला ओळखता आलं नाही. मला तुमची आठवण येते, मामा. फार येते.

आता पल्लवीचं सांगतो. तिचं सटाण्याला ठरलंय, तुम्हाला माहीत आहे. कांद्याचे व्यापारी, घर मोठं, माणसं गोड बोलणारी. साखरपुड्याच्या दिवशी तिची होणारी सासू हिराचा हात धरून म्हणाली, “काळजी नका करा, पोर आते आमनी शे.” हिराला भरून आलं. मला मात्र ते ‘आमनी’, म्हणजे ‘आमची’, टोचलं. मुलगा शांत आहे, नम्र आहे, डोळ्यात डोळे घालून बोलतो. पण वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मी बसलो होतो तेव्हा उगीच इकडेतिकडे पाहत होतो. दाराच्या डाव्या हाताला एक कोपरा आहे, तिथून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं.

आज सकाळी तो मुलगा आम्हाला भेटायला आला. तुमच्याबद्दल चार शब्द बोलला, मग टाकीसमोर जाऊन बसला. निवटे वर आले, त्याच्याकडे डोळे फिरवून बघायला लागले. त्याला ते आवडले. मी त्याला म्हणालो, लग्नानंतर तुम्हा दोघांना एक जोडी देणार आहे, पल्लवीला सगळं येतं, तीच टाकी साफ करील. चिखल जास्त आणि पाणी कमी, हे मात्र मी त्याला आधीच सांगितलं. मुके जीव बुडवून कुणाची परीक्षा घेणं मला जमणार नाही. आणि तुमच्यासारखं पायरीवर बसून भाकरी खाणंही जमणार नाही. मी तिथे चहा पिईन, जेवेन, म्हणजे जास्त वेळ बसता येईल.

मुलगा हुशार आहे. त्यानं पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, “पप्पा, सटाण्याला खाडीचं पाणी कुठून आणणार? साध्या पाण्यात खडे मीठ टाकलं तर चालेल ना?”

हिरा स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हणालो. “मीठ चालत नाही. खाडीचंच पाणी लागतं. दर महिन्याला कॅन मी स्वतः घेऊन येईन.”